मास्तरांच्या बोटाची गाडी

"हे बरं… की हे?"

"सारखंच."

"नीट बघा हं. हे… की हे?"

"अं… दोन्ही सारखंच वाटतंय."

चष्मेवालीनं मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. एरवी ती चुटकीसरशी नंबर काढून गिऱ्हाईक मोकळं करायची. त्या रस्त्यावर तिचा हातखंडा सगळ्यांना ठाऊक होता. पण नंबर काढायचं मशीन नेमकं दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळे जुन्या पद्धतीनं सगळं चाललेलं. म्हणजे समोरच्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एकेक काच घालायची, काढायची आणि विचारत बसायचं. आणि आज समोर बसला होता हा गृहस्थ! बाह्या दुमडलेल्या, नखांत ग्रीसची काळी रेघ, आणि नजर भिंतीवरची अक्षरं सोडून भलतीकडेच. भलतीकडे म्हणजे कुठे, ते तिला कळत नव्हतं असं नाही हं. पण कामाच्या वेळी काम, असा तिचा खाक्या होता.

"काम काय करता तुम्ही?" तिनं नवी काच पुसत विचारलं.

"लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट थांबताना पोटात गोळा येतो ना… तो येऊ नये, एवढंच बघतो."

"आणि डोळे कशानं दुखतात?"

तो ओशाळला. "हसाल तुम्ही. गेम खेळतो… गाड्यांच्या शर्यतीचा. कामावरून आलो की तेच. वहिनी म्हणते, एवढा घोडा झाला तरी खेळण्यातल्या गाड्या सुटत नाहीत."

ती हसली नाही. तिचा काच धरलेला हात तसाच हवेत राहिला.

"एक विचारू? त्या गेममधली गाडी… वळणावर गिरकी का घेते?"

"कुठल्या वळणावर?"

"सगळ्याच," ती हळूच म्हणाली. इतक्या हळू की त्याची थट्टा ओठावरच थांबली.

आता हे गिरकीचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. चष्मेवालीचे वडील म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, मोटार शिकवणारे. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटखाली एक जादा ब्रेक होता. शिकाऊ माणूस चुकला की मास्तरांचा पाय त्याच्यावर पडायचा आणि पाठोपाठ तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. अशा माणसाला झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय बराचसा सावरला. हात मात्र रुसला तो रुसलाच. बोट हलायचं, नाही असं नाही, पण मनानं सांगितल्यावर जरा उशिरानं. मास्तरांनी व्यायाम सोडला, बोलणंही सोडल्यात जमा. खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे आणि कुणी चुकीचा गिअर टाकल्याचा आवाज आला की डोळे मिटून घ्यायचे. तेवढंच काय ते जिवंतपणाचं लक्षण.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई एकदा जाता जाता म्हणाल्या, "मी बोट हलवून काय उपयोग? त्यांना ते हलवावंसं वाटलं पाहिजे. नाहीतर आहे तेवढंही आखडेल." त्या वाक्यानं चष्मेवालीची झोप उडाली. नोकरीला दूर गेलेल्या भावाचा गेम कपाटात पडून होता. तो काढून तिनं टीव्हीला जोडला. उजव्या बोटाखाली ॲक्सिलरेटर, डाव्या बोटाखाली ब्रेक. मास्तरांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काहीतरी हाललं. गाडी सुटली, पहिलं वळण आलं आणि… गिरकी. पुन्हा सुटली, पुन्हा गिरकी. शेवटी मास्तरांनी रिमोट उशीवर ठेवला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. ते फिरवलेलं तोंड तिला बघवत नव्हतं.

हे सगळं तिनं त्या परक्या माणसाला सांगून टाकलं. का सांगितलं, कोण जाणे. बहुधा नाकावर फ्रेम चढवलेला माणूस फार परका वाटत नसावा.

"मग येऊन बघतो की!" तो म्हणाला.

आणि चष्मा हातात पडला त्याच संध्याकाळी तो खरंच आला. नवा चष्मा नाकावर होता. टीव्हीसमोर बसताच मात्र त्यानं तो कपाळावर सरकवला.

"अहो, चष्मा लांबचं बघायला दिलाय, केस आवरायला नाही," ती म्हणाली.

"सवय व्हायचीये अजून," तो गडबडीनं म्हणाला आणि रिमोट उचलला.

मास्तर खिडकीशी. त्यांनी पाहुण्याकडे मान वळवली, जरा निरखून बघितलं आणि तोंड पुन्हा फिरवलं.

"या गाडीचं सेटिंग कुणी केलंय?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"मी. इंटरनेटवर सापडलं. कुणा चॅम्पियनचं आहे."

"तेच तर! अहो, दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा कुणी घालतं का?"

ती लाजली. तिलाच तिच्या धंद्यातला दाखला दिला होता मेल्यानं! पण बोलणं बिनतोड होतं.

त्यानं सगळं पुसून गाडी मूळपदावर आणली. मग एकेक सांगत गेला. टायरमधली हवा. गिअर आखूड ठेवायचे की लांब. आखूड ठेवले तर गाडी उसळते, लांब ठेवले तर बेताबेतानं वेग घेते. वळणावर गाडीला कलंडू न देणारा दांडा, पुढे एक नि मागे एक, तो किती ताठ नि किती ढिला. ब्रेकचा भार पुढच्या चाकांवर किती नि मागच्यांवर किती. तिचं डोकं गरगरलं. तिनं उत्साहाच्या भरात हवा कमी केली, दांडा ढिला केला, गिअर बदलले आणि गाडी हाकली. गाडी सरळ कुंपणात.

"आता कशामुळे गेली, सांगा बघू?"

"मला काय माहीत?"

"मलाही नाही. एकदम सगळं बदललंत ना! एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग एक फेरी मारायची. मग स्वतःला विचारायचं, आधीचं बरं होतं की आताचं?"

ती फस्सकन हसली. हसता हसता पदराला डोळे पुसायची वेळ आली.

"काय झालं?"

"अहो, मी दिवसभर दुसरं काय विचारते? हे बरं की हे?"

मग मात्र ती तरबेज झाली. तिला एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं. एक काच, एक फेरी, एक उत्तर. तो संध्याकाळी यायचा, आई चहा ठेवायची, आणि दोघं टीव्हीसमोर सतरंजीवर बसायची. मध्ये बिस्किटांची बशी असायची. ती बशी कधी रिकामी व्हायची, कधी बाजूला सरकायची, ते कुणाच्या ध्यानात यायचं नाही. आईच्या यायचं, पण ती कुठली बोलतेय! खेळात कधी पाऊस पडायचा, पडद्यावरचा रस्ता काळा नि चकचकीत व्हायचा. तेव्हा तो हळू आवाजात म्हणायचा, "आता अलगद… अगदी अलगद…" आणि तिला वाटायचं, हा रस्ता संपूच नये. असं वाटल्याचा तिला रागही यायचा. बाबांसाठी चाललेल्या कामात स्वतःचं सुख कालवायचं म्हणजे चोरीच की ती! बाबा बरे होईस्तोवर स्वतःचा विचार करायचा नाही, असं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

एकदा बिस्कीट घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. दोघांनीही हात मागे घेतले. बिस्कीट बशीतच राहिलं.

"तुम्हाला एक सांगायचं होतं…" तो म्हणाला.

"नको," ती पटकन म्हणाली. "म्हणजे… आत्ता नको. बाबांची एक फेरी पुरी होऊ द्या. मग सांगा काय ते."

दोघांच्या हातांत ती गाडी आता लोण्यासारखी चालत होती. पण मास्तरांच्या हातात दिली, की गिरकी! त्यांचं उजवं बोट ॲक्सिलरेटरवरून उठायला उशीर करायचं आणि वळण काही थांबायला तयार नसायचं. गेममध्ये गाडी आपोआप सावरणारी एक मदत होती. ती मास्तरांनी पहिल्याच दिवशी बंद करायला लावली होती. "शेजारून ब्रेक मारणारा मी," ते कष्टानं शब्द जुळवत म्हणाले होते, "मला कोण मारतो?"

आणि मग लिफ्टवाल्यानं घोळ घातला. चांगल्या मनानं घातला, पण घोळ तो घोळच. एका संध्याकाळी तो आला, रिमोटची बटणं सेटिंगमध्ये जाऊन बदलली आणि खुशीत म्हणाला, "मास्तर, आता बघा. ॲक्सिलरेटर डाव्या बोटाला दिलाय. उजव्याची गरजच नाही!"

मास्तरांनी गाडी चालवली. एक वळण घेतलं. दुसरं घेतलं. गाडी फिरली नाही. मग ते थांबले. उजवा हात मांडीवर पडला होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलं. डाव्या हातानं तो उचलला, मांडीवरून काढून पांघरुणाखाली ठेवला, आणि रिमोट बाजूला सारला.

चष्मेवाली लिफ्टवाल्याला दारापर्यंत सोडायला गेली ती फणफणतच.

"काय केलंत हे? त्यांचा हात तुम्ही हिशेबातूनच काढून टाकलात!"

"अहो, पण गाडी तर…"

"गाडी खड्ड्यात गेली! मला गाडी चालवायचीये का? मला तो हात हवाय. तुमच्याइतकं सोपं नाही सगळं, बटण बदललं की झालं!"

त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, पायऱ्यांकडे मिचमिच्या डोळ्यांनी बघितलं आणि कठडा धरत खाली उतरला. लिफ्ट होती, पण ती बोलवायचं त्याला सुचलं नाही.

त्यानंतर तो आला नाही. संध्याकाळी आई सवयीनं जादा कप काढायची आणि मुकाट्यानं परत ठेवायची. चष्मेवाली म्हणायची, बरं झालं. दिवसातून कितीदा म्हणायची, ते विचारू नका. माणूस खरंच बरं वाटल्यावर इतक्यांदा म्हणत नाही.

मग एका रविवारी सकाळी दुकानात एक ठसठशीत बाई आल्या. जवळचा चष्मा हवा म्हणाल्या. फ्रेमा बघता बघता चष्मेवालीलाच आपादमस्तक न्याहाळून घेतलं.

"तुम्हीच का त्या? मी लिफ्टवाल्याची वहिनी. आमच्या भाऊजींना काय करून ठेवलंय हो तुम्ही?"

"मी? मी कुठे काय…"

"अहो, उजव्या बोटाला आइस्क्रीमची काडी बांधून फिरतायत! वर चिकटपट्टी. परवा जेवायलाही तसेच बसले. अर्धं तोंडात, अर्धं शर्टावर. विचारलं तर म्हणतात, वहिनी, मला उशीर कसा होतो ते शिकायचंय. आता उशीर करायला शिकायला लागतं का? आमच्या यांना उपजतच येतो!"

चष्मेवालीच्या हातातली फ्रेम काउंटरवर पडली.

"घरी आहेत?"

"आहेत की. चष्मा मी नंतर बघते. चल, आधी तुला घर दाखवते," वहिनी एकदम एकेरीवर येत म्हणाल्या. त्या चष्म्यासाठी आल्याच नव्हत्या, हे तुम्ही ओळखलं असेलच.

तो खोलीत पाठमोरा बसला होता. बोटाला काडी, चष्मा कपाळावर. पडद्यावर गाडी वळणाशी आली, बांधलेलं बोट उठायला धडपडलं, उठलं तोवर उशीर झाला होता. गाडी गरकन फिरली. त्यानं नुसता सुस्कारा सोडला, सेटिंगमध्ये जाऊन एकच आकडा बदलला, आणि पुन्हा निघाला. दारात उभ्या असलेल्या तिला वाटलं, आपल्या बाबांच्या हाताची इतकी काळजी आपल्याशिवाय आणखी कुणीतरी करतंय.

"मागचा दांडा अजून ढिला करून बघा," ती म्हणाली.

तो दचकून उठला. काडीवाला हात पाठीमागे लपवला. उशीर झाला होता अर्थात.

"मास्तरांना काय वाटतं ते मला नाही कळणार," तो चाचरत म्हणाला. "पण बोट कुठे अडतं… तेवढं तरी कळतंय आता. आपण गाडी आपल्या बोटाला शोभेल अशी केली होती. त्यांच्या बोटाला नाही. चुकलंच माझं."

"माझंही. मी तुम्हाला फार बोलले."

"ते बरोबर होतं."

"बरोबर होतं हो, पण फार होतं," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. "आणा इकडे ती काडी. आता माझ्या बोटाला बांधा."

त्यानं काडी बांधली. फार सावकाश बांधली. एवढीशी चिकटपट्टी गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही, पण घाई कुणालाच नव्हती. बाहेर वहिनींनी मुद्दाम भांडी जोरानं आपटली.

मग दुपारभर ती दोघं एकेक गोष्ट बदलत राहिली. गिअर लांब केले, म्हणजे बोट उशिरा उठलं तरी गाडी फार पुढे उसळायची नाही. मागचा दांडा ढिला केला, म्हणजे मागची चाकं रस्ता धरून राहतील. ब्रेकचा भार जरा पुढे दिला. प्रत्येक फेरीनंतर तो विचारायचा, "आधीचं बरं की आताचं?" आणि ती खरं उत्तर द्यायची. गाडी मंदावत गेली, आणि शहाणी होत गेली.

"ही शर्यतीत सगळ्यात शेवटी येणार," तो म्हणाला.

"येऊ दे," ती म्हणाली.

संध्याकाळी तेच आकडे घरच्या गेममध्ये भरून मास्तरांच्या हातात रिमोट दिला. ॲक्सिलरेटर पुन्हा उजव्या बोटाखाली होता. मास्तरांनी ते चाचपलं, एकदा लिफ्टवाल्याकडे बघितलं, आणि गाडी सोडली. पहिलं वळण. आईनं चहाचं भांडं धरूनच श्वास रोखला. बोट उठलं… उशिरा उठलं… गाडी बाहेरच्या कडेला झुकली, जरा डुलली, आणि वळली. वळली हो! दुसरं वळण. तिसरं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला, ओठ घट्ट मिटले, बोट थरथरलं, पण पुन्हा पुन्हा दाबत राहिलं, उठत राहिलं. बाकीच्या गाड्या केव्हाच घरी पोचल्या होत्या. मास्तरांची गाडी एकटीच रमतगमत आली आणि रेघ ओलांडून उभी राहिली.

आणि मास्तर बोलले. कितीतरी दिवसांनी आख्खं वाक्य बोलले.

"ही गाडी… माझं ऐकते."

मग त्यांनी लिफ्टवाल्याकडे बोट केलं. उजवंच बोट.

"खालीबघ्या ना तू? गिअर टाकताना… खाली बघायचास."

लिफ्टवाला लाल झाला. "ओळखलंत, मास्तर? तुमच्याकडेच शिकलो. पट्टी खाल्लीये तुमची."

"पहिल्या दिवशीच ओळखलं." मास्तर दम घ्यायला थांबले. त्यांनी लेकीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, मधल्या बशीकडे बघितलं. डोळ्यांत जुनं मिश्कील हसू उमटलं. "जन्मभर… ब्रेकवर पाय ठेवून बसलो मी. सगळ्यांच्या शेजारी. पण पोरी… तुझ्या बाबतीत… माझा पाय ब्रेकवर नाही."

चष्मेवालीनं त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि ती रडली. चांगली हमसून रडली. आईनं चहाचे कप मोजूनमापून मांडले आणि मग स्वतःही डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला लिफ्टवाला दारात हजर.

"चष्म्याचा नंबर चुकलाय," तो म्हणाला.

"माझा? माझा नंबर आजवर चुकलेला नाही!" ती उसळली आणि एकदम थांबली. कपाळावर सरकवलेला चष्मा… पायऱ्या उतरताना मिचमिचे डोळे… "थांबा. पहिल्यापासूनच चुकलाय?"

"तुमचा नाही चुकला. मी उत्तरं खोटी दिली."

"का?"

"खरी दिली असती तर तपासणी लगेच संपली असती."

तिला रागावायचं होतं. अगदी ठरवून रागावायचं होतं. पण चेहरा काही केल्या ऐकेना.

"बसा खुर्चीत," ती म्हणाली. त्याच्या नाकावर फ्रेम चढवली, काच घातली. "हे बरं की हे?"

"पहिलं."

"हे की हे?"

"दुसरं. स्पष्ट दिसतंय."

नंबर चुटकीसरशी निघाला. ती काचा काढू लागली. एक काढली, दुसरी काढली. रिकामी फ्रेम त्याच्या नाकावर राहिली आणि ती तशीच जवळ वाकून उभी राहिली.

"आणि आता?"

"लांबचं काहीच दिसत नाही," तो म्हणाला. "जवळचं मात्र… अगदी स्पष्ट. हेच सांगायचं होतं तेव्हा. मला तू आवडतेस. फार."

तिनं फ्रेम काढून घेतली. उगाच पुसली. पुसायला तिच्यात काच कुठे होती!

"नव्या काचा यायला वेळ लागेल," ती खाली बघत म्हणाली. "तोवर रोज घरी येत जा. वाट बघणं चालू असतं संध्याकाळी."

"कुणाचं? मास्तरांचं… की तुझं?"

तिनं मान वर केली. तिचे डोळे अगदी उत्तम होते, चष्मा कधी लागला नव्हता, आणि तरी तिनं जरा विचार केल्यासारखं केलं.

"अं…" ती म्हणाली, "दोन्ही सारखंच."